गुच्छीच्या दिवसांतली हाक

नूपीदेवीला कुणी हाक मारली की ती लगेच ओ देते. घरात असली तरी, शेतात असली तरी आणि वरच्या जंगलात असली तरीही. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण चैत्र-वैशाखात जंगलातून ओ देणारी आमच्या कोटधारमध्ये ती एकटीच आहे.

बर्फ वितळलं आणि एक-दोनदा गडगडाट झाला की देवदार आणि राई या सुयांसारख्या पानांच्या उंच झाडांखाली गुच्छी उगवते. करंगळीएवढी, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीदार टोपीची अळंबी. ती लावता येत नाही. जिथे उगवते तिथेच जाऊन शोधावी लागते, आणि एकदा सापडलेली जागा जन्मभर सांभाळावी लागते. पुरुष नुसते फिरून वेचतात. जागा असतात त्या बायकांच्या. सासू सुनेला देते, सून तिच्या सुनेला. नवऱ्याला सांगायचं नाही, मुलीलाही नाही, कारण मुलगी दुसऱ्या गावात जाते.

म्हणून गावचा नियम असा की गावावरचा शेवटचा पाणवठा ओलांडला की हाकेला ओ द्यायची नाही. ओ दिली की आवाजावरून जागा कळते. कुणी हाक मारली तर आहे तिथे खाली बसायचं आणि हाक विरेपर्यंत हलायचं नाही. खरंच कुणी पडलं, अस्वल समोर आलं, तर दोन बोटं तोंडात घालून तीन शिट्या मारायच्या. त्या ऐकल्या की सगळ्यांनी धावायचं. आमच्याकडची पोरं चालायला लागली की पहिल्यांदा शिटी शिकतात.

नूपी डोंगराच्या धारेपलीकडच्या गावातून लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माझं घर तिच्या घराच्या एक पायरी वर, त्यामुळे तिची वरात मी आमच्या ओसरीतून पाहिली. नवरा दौलू. चांगला माणूस, कष्टाळू, बडबड्या. विशीत लाकडाचा ओंडका घसरून तोंडावर आला, तेव्हा त्याचे पुढचे दोन दात गेले होते. त्याला शिटी वाजवता येत नसे. वाजवायला गेला की नुसती फुस्स हवा यायची. त्याची आई तुआरसी म्हणायची, "ज्याला शिटी येत नाही त्यानं पडायचं नाही, एवढं लक्षात ठेव." दौलूच सगळ्यात जोरात हसायचा.

तिसऱ्या वर्षी तुआरसीनं सुनेला जागा दाखवली. सरळ वाटेनं तासाभराचं अंतर. तिनं तीन तास फिरवून नेलं. गुडघे टेकून बसलेल्या गाईसारखा एक खडक, त्याच्या मागे उन्मळून पडलेलं जुनं राईचं झाड, आणि त्या झाडाच्या सावलीत दोन खाटांएवढी जमीन. "एक दिसली की बसायचं," सासू म्हणाली. "उभ्यानं गुच्छी दिसत नाही. बसलीस की दहा दिसतील. नखानं तोड, मूळ राहू दे, टोपी तिथेच झटक. निघताना वर झाडाच्या वाळक्या सुया पसरून टाक. पहिली देवाच्या दारात."

"आणि यांना?" नूपीनं विचारलं.

"त्याला कशाला? त्याच्या पोटात जेवणाशिवाय काही राहत नाही."

दौलूला हे ठाऊक होतं आणि त्याची त्याला मजाही वाटायची. दर वर्षी बायको किल्टा, म्हणजे वेताची उंच टोपली, पाठीवर घेऊन निघाली की थोड्या वेळानं तोही जंगलात जायचा आणि कुठून तरी ओरडायचा, "नूपी गं, अस्वल खातंय मला." नूपी खडकामागे तोंडात डोक्याचा रुमाल कोंबून बसायची. संध्याकाळी चुलीपाशी पुढचा खेळ.

"हाक ऐकू आली का?"

"कुणाची?"

"माझी. दोनदा मारली."

"मला वाटलं अस्वल ढेकर देतंय. म्हटलं बरं झालं, आज रात्री चार रोट्या कमी लागतील."

"एकदा तरी ओ दे की. नवरा आहे मी."

"ओ दिली तर जागा जाईल. नवरा काय, आहेच."

पंचवीस-सव्वीस वर्षं हे असंच चाललं. आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं.

सहा वर्षांपूर्वी वैशाखाच्या सोळाव्या दिवशी नूपी सकाळीच वर गेली. आदल्या दिवशी गडगडून गेलं होतं. जागेवर गुच्छी भरपूर होती. तिनं पुढ्यात रुमाल पसरून तोडायला सुरुवात केली, तेव्हा खालच्या घळीकडून दौलूची हाक आली. "नूपी." ती बसली. थोड्या वेळानं पुन्हा, "नूपी." या वर्षी अस्वल नाही, तिच्या मनात आलं, म्हातारा झाला, सुचेनासं झालं. तिसऱ्यांदा नुसतंच "अगं" असं काहीसं ऐकू आलं. मग काही नाही. उरलेली गुच्छी तिनं तोडली, सुया पसरल्या, आणि नेहमीप्रमाणे लांबच्या वाटेनं घरी आली. डाळ चुलीवर ठेवली.

दुपार टळली तरी दौलू आला नाही. मग आम्ही सात-आठजण वर गेलो. शिट्या मारत गेलो. दिवस मावळायच्या आत तो सापडला. घळीच्या काठावरून घसरला होता, मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. पडला तिथे तो नव्हता. चाळीसेक पावलं चढावर सरपटत गेल्याची खूण मातीत दिसत होती. अंग गार झालं होतं.

नूपी आमच्या मागून आली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. त्याच्या डोक्याच्या रेषेत, तीस पावलांवर, गाईसारखा खडक होता.

"यांना माहीत होतं," ती म्हणाली.

तेव्हा आमच्यातल्या कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. मला तिनं तो पुढे कधीतरी, अक्रोड फोडताना सांगितला: जागा दौलूला ठाऊक होती, तो तिच्याकडेच सरपटत निघाला होता. आवाजात काही चढ-उतार नव्हता. शेजारच्या गावाची बातमी सांगावी तसं.

त्याच संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हाक तिनं ऐकली होती. तीन वेळा. कुणी दोष दिला नाही. नियम सगळ्यांचाच होता. पुढे देवाच्या अंगणात गूरच्या, म्हणजे देवाच्या पुजाऱ्याच्या, अंगात देव आला, तेव्हा तोही म्हणाला की बाईचा दोष नाही. नूपीनं हात जोडले आणि दुधाची वेळ झाली म्हणून घरी गेली. ती रडली नाही. तेराव्यालाही नाही. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

त्यानंतर ती सगळं काम करते. गाय, शेत, सफरचंदाची छाटणी, थंडीत खड्डीच्या मागावर लोकरीचे पट्टू विणणं. काही चुकत नाही, एक सोडून. जेवणात मीठ कधी पडत नाही, कधी दोनदा पडतं, आणि तिला स्वतःला ते कळत नाही. समोर येईल ते खाते. तुआरसी आता नव्वदीच्या घरात आहे, अंथरुणाला खिळलेली. जिभेची तिखट बाई, पण सुनेच्या मिठाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. शिटीचा तो विनोदही पुन्हा तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

दोन वर्षं नूपी जंगलात गेली नाही. मग सासूनं सांगितलं, "हात लागला नाही तर जागा मरते. माझ्या सासूनं मला दिलेली आहे ती." नूपी गेली. आणि त्या वर्षी पहिल्यांदा, खालून कुणीतरी आपल्या गाईला हाक मारत होतं, तर वरून "ओ" आली. गाईवाला घाबरून पळाला. पुढच्या दिवशी तेच. हाक कुणाचीही असो, कुणालाही असो, नूपी ओ देते. बायकांनी तिला बरोबर नेणं बंद केलं. "हिच्याजवळ बसलं तर आपलीही जागा जायची," खालच्या घरातली खिमी म्हणायची.

पण एक गोष्ट झाली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, बैठक झाली नव्हती, तरी जंगलात नूपीचं नाव घेऊन हाक मारणं गावानं सोडून दिलं. कारण तिला हाक मारणं म्हणजे तिची जागा काढून घेणं होतं. चार वर्षं हे पाळलं गेलं.

मागच्या मगसरात, म्हणजे मार्गशीर्षात, नूपीच्या मुलाचं लग्न झालं. तो भुंतरच्या रस्त्यावर जीप चालवतो. सून उमावती, समजूतदार मुलगी. रीतीनं जागा तिसऱ्या वर्षी दाखवायची, पण तुआरसीनं हट्ट धरला.

"मी असेपर्यंत दाखव."

"तीन वर्षं झाली नाहीत, अम्मा."

"ती तीन वर्षं राहील. मी राहीन का, ते विचार देवाला. दाखव आणि मला येऊन सांग. मग मी जायला मोकळी."

या वैशाखातला एक दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी नूपी एकटी वर गेली, जागा बघून यायला. गुच्छी नुकती डोकं काढत होती. एक दिवस थांबलं की पुरती वर येणार. तिनं एकही तोडली नाही. सुनेच्या हातून पहिली तोडायची होती.

तेवढ्यात घळीकडून हाक आली. "नूपी भाभी."

आवाज खिमीचा होता. खिमीच्या मुलीचं लग्न जेठात, पुढच्याच महिन्यात, आणि तिची स्वतःची जागा दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून गेलेली. नूपीनं आवाज ओळखला.

"ओ," ती म्हणाली.

"कुठे आहेस?"

"वर. खडकामागे."

खिमी धापा टाकत वर आली. खडक पाहिला, पडलेलं झाड पाहिलं, जमिनीवरची टोकं पाहिली.

"काय झालं?" नूपीनं विचारलं. "पडलीस का?"

"नाही."

"कुणी पडलं?"

"नाही भाभी." खिमी किल्ट्याचा पट्टा चाचपत राहिली. "ही होय तुझी जागा."

"ही."

"मला ओळखलं नव्हतंस का?"

"ओळखलं होतं."

"मग गप्प बसायचंस. लहान पोरगं गप्प बसतं. मी काय मेले नव्हते."

"हाक होती," नूपी म्हणाली. "मेली आहेस की नाही ते इथून दिसत नाही."

खिमी खाली बसली. मग म्हणाली, "थोड्या घेते. जेठात लग्न आहे, तुला माहीतच आहे."

"मूळ ठेव," नूपी म्हणाली आणि किल्टा उचलून खाली आली. घरी कुणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती उमावतीला तीन तास फिरवून घेऊन गेली. थोड्याचा शब्द खिमीनं पाळला असेलही. पण तिच्या दोन जावा पहाटे येऊन गेल्या होत्या. सुया उकरलेल्या, माती उलटी-पालटी, मुळंही शिल्लक नाहीत. दोन खाटांएवढी जमीन कोंबड्यांनी खरवडल्यासारखी पडली होती.

"ही जागा," नूपीनं सुनेला सांगितलं. "एक दिसली की बसायचं. उभ्यानं दिसत नाही."

उमावती बसली. चारी बाजूंना पाहिलं. "एकही नाही, अम्मा."

"नाही. काल होत्या."

मग नूपीनं तिला कालचं सगळं सांगितलं, आणि सहा वर्षांपूर्वीचंही. सुनेच्या ते आधी तुकड्या-तुकड्यांनी कानावर आलेलं होतं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग मी काय करू? हाक आली तर?"

सासूनं सांगितलं होतं ते सांगावं, तर ती जीभ नूपीकडे राहिली नव्हती.

"ओ दे," ती म्हणाली. "जागा जाते. मग दुसरी शोधायची. आजपासून शोधू."

दिवसभर दोघी वरच्या धारेपर्यंत फिरल्या. काही मिळालं नाही. उतरताना उमावती दोनदा मागे राहिली आणि दोनदा तिनं हाक मारली.

घरी तुआरसी डोळे उघडे ठेवून वाट बघत होती. "दाखवलीस?"

"दाखवली, अम्मा. पण ती गेली."

"कशी गेली?"

"खिमीनं हाक मारली. मी ओ दिली."

म्हातारी छताकडे बघत राहिली. तिच्या सासूनं तिला दिलेली जागा होती ती. आता खिमीच्या सात पिढ्यांना शिव्या पडणार, असं उमावतीला वाटलं.

"पडली होती का ती?" तुआरसीनं विचारलं.

"नाही."

"हं." मग ती म्हणाली, "दौलू पडला होता."

"हो."

नूपीनं डाळ-भात वाढला. सासूला टेकवून बसवलं, तिच्या हातात वाटी दिली, सुनेला दिलं, स्वतः घेतलं. दिवसभर चालून आली होती, घास मोठा घेतला. चावता चावता थांबली. वाटीत बघितलं.

"खारट झाली आहे," ती म्हणाली.

उमावतीचा हात वाटीतच राहिला. तुआरसीनं सावकाश आपला घास गिळला.

"सहा वर्षं खारट आहे," म्हातारी म्हणाली. "पाणी घाल थोडं."

नूपी उठली आणि पाणी आणायला गेली.