का, ते विचारायचं नाही

पन्नाशी उलटल्यावर मी थंडगार समुद्रात डायव्हिंग करायला शिकले, ते लेकीपायी. ती इथेच, इंग्लंडमध्ये जन्मलेली, शाळा-कॉलेज सगळं इथलं, आणि समुद्राच्या तळाशी जायचं तिला भारी वेड. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरात बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा तिच्याबरोबर बुडलेलं बरं, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बुडा, पण दोघी परत या."

डायव्हिंगमधला एक नियम मला फार आवडला. जोडीतल्या कुणीही, कधीही "आज नको" म्हटलं की डाइव्ह रद्द. का, ते विचारायचं नाही. आमच्या घरात हे नवलच होतं. या पोरीने लहानपणी "व्हाय?" विचारून विचारून माझं डोकं खाल्लेलं. शिवाय हट्टी. माझ्यावरच गेलीय, दुसरं काय.

त्या रविवारी आम्ही दोघी गाडीने डॉर्सेटच्या किनाऱ्यावर गेलो. त्याच आठवड्यात ती नोकरीसाठी न्यूझीलंडला निघणार होती, म्हणजे आमची ही शेवटची डाइव्ह. मला घोर एकच होता. तिकडच्या परक्या समुद्रावर, मी शेजारी नसताना, ही बया वेळेवर माघार घेईल का?

पोचलो तेव्हा छान ऊन होतं. पाणी आत न येऊ देणारे ड्रायसूट चढवेपर्यंत वारा फिरला आणि लाटा किनाऱ्यावरचे गोटे खडखडत आत ओढायला लागल्या. अशा पाण्यात शिरणं सोपं असतं. गारठलेल्या हातांनी, पाठीवर सिलेंडर घेऊन, त्या घसरत्या गोट्यांवरून बाहेर येताना माणसाचा अभिमन्यू होतो.

"आई, इट्स फाइन. दहा मिनिटं फक्त. लास्ट टाइम आहे ना," ती म्हणाली.

मलाही जायचं होतं, तिच्यापेक्षा जास्त. तरी म्हटलं, "आज नको."

तिने तोंड उघडलं. आता "व्हाय" येणार म्हणून मी कंबर कसून उभी. पण तिने वाकून माझ्या पोहायच्या फिन्स उचलल्या आणि गाडीकडे चालायला लागली. गाडीत आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, थर्मासमधला चहा प्यायलो.

"रागावलीस?" मी विचारलं.

"येस," म्हणाली, आणि शेवटची पुरी माझ्या हातात दिली.

ती न्यूझीलंडला गेली. मग एका सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"आई, आज वारा फिरली. सगळे रेडी होते. मी नो म्हटलं."

'फिरला' अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. "कुणी काही बोललं?"

"नाही. रूल आहे ना." मग म्हणाली, "त्या दिवशी डॉर्सेटला मला पण भीती वाटत होती. पण मला नो म्हणता येत नव्हतं. तू म्हटलंस."

"शहाणी गं माझी बाय ती," मी म्हटलं. फोन ठेवला, गॅस बंद केला आणि तिथेच खुर्चीत बसून पोटभर रडले.