मामंजींचा खटका

मामंजी झोपेतच गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ओटीवरच्या बाजेवर तसेच कुशीवर निजलेले… त्याला आता महिना झाला. "फार वाईट झालं," असं म्हणत माणसं येतात, मीही मान डोलावते. सासरे गेल्याचं दुःख आहेच, पण पोटात कुठेतरी हायसंही वाटतं. गैरसमज नको, सांगते.

आमची शेतं खालापूरच्या बाजूला, डोंगराला टेकलेली. भात पोसवलं की रानडुकरं उतरायची. लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी बंदूक मामंजींनी रीतसर परवान्यावर घेतली, पण तिच्या सेफ्टीच्या खटक्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दर खेपेला निघण्याआधी सोहळाच! काडतुसं काढायची, नळी रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि वर बोटाने बघायचं, तोंड कोपऱ्यातल्या भाताच्या पोत्यांकडे करायचं. खटका लावून चाप ओढायचा, सोडायचा, मग खटका काढायचा. कुठेही टक् असा आवाज होता कामा नये; झाला तर खटका दगा देणार. डुकरं हाकायला ठाकुरवाडीहून येणारा सोमा दारात ताटकळायचा. "बाबा, तवर डुकरं जेवून हात धुऊन जातील की!" यावर आमचे हे मोठ्याने हसायचे. मी नवी सून, पदराआड हसायची.

एका पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून मामंजींनी बंदूक कोंड्याच्या कणगीत पुरून ठेवली. आश्विनात काढली, पुसली, तेल दिलं. हे चपला घालून अंगणात उभे. मामंजींनी खटका लावला, चाप ओढला, सोडला. काही नाही. मग खटका काढला आणि आत टक् झालं… चापावर बोटही नव्हतं.

सोमाचं हसू तिथेच थांबलं. मामंजींनी बंदूक खाली ठेवली. "भरलेली असती तर उडाली असती," एवढंच पुटपुटले. मग ह्यांचा हात घट्ट धरून म्हणाले, "बांधावर तू माझ्या पुढं चालतोस रं…"

मी चुलीपाशी जाऊन रडले, आणि रडता रडता देवाचे आभार मानले. बंदूक उघडल्यावर खटक्याच्या खाचेत भाताची तुसं निघाली, आमच्याच कणगीतली. त्या दिवशी डुकरांनी शेत तुडवलं, पण घरात त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही.

गेल्या महिन्यात मामंजींना त्याच बांधावरून नदीकडे नेलं. हातात मडकं धरून हे पुढे, चौघांच्या खांद्यावर मामंजी मागे. दारातून मला ह्यांची पाठ दिसत राहिली. बाप म्हातारा होऊन गेला आणि मुलाने त्याला पोचवलं, हेच मला देवाकडे हवं होतं.

परवाना मामंजींच्या नावावर, म्हणून बंदूक आता पोलीस ठाण्यात जमा करायची. काल हे ती खुंटीवरून काढून पोत्यांकडे तोंड करून बसले. मी चहा घेऊन दारातच थांबले. नळी बघितली, बोट घातलं, खटका लावला, चाप ओढून सोडला, खटका काढला.

काही वाजलं नाही. मग मी चहा पुढे केला.