नर्सबायला सुतक नव्हतं

पलीकडून माणसं घेऊन देवबागला लागत होतो, तर काठावर बायका जमलेल्या. एकीनं सांगितलं, नर्सबाय गेली. मी आधी माणसं उतरवली, होडी बांधली, मग तिच्या खोलीकडे गेलो.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण तिच्यावर शिकलेल्यांनी लिहावं आणि मी वाचावं हे मला पटणारं नाही. तिला खाडीपार नेली ती मी. स्वातंत्र्यानंतर थोड्या वर्षांनी सरकारी दवाखाना निघाला तेव्हा ती आली. तळेऱ्याकडची, लहानपणीच विधवा झालेली, सासर-माहेर दोन्ही तुटलेलं. दोन्ही काठांची बाळंतपणं तिच्याकडे. मूल सुखरूप झालं की परतताना, होडी हळू चालते म्हणून मला चिडवायची, "दादानु, तुमच्या होडयेपरास माझी पोरां बेगीन काठार लागतत."

मग आमच्याच काठावरची शेवंती बाळंतपणात गेली. मूल आडवं आलेलं. मालवणला न्यायला निघालो, पण ओहोटी होती, होडी वाळूत रुतली. आम्ही उतरून ढकलत होतो आणि शेवंती नर्सबायच्या मांडीवर संपली... पोटातल्या जिवासकट.

त्या घराला सुतक आलं. शेजारी जेवण पोचवत, बायका जवळ बसून रडत. नर्सबायला मात्र दुसऱ्याच दिवशी पलीकडून बोलावणं. होडीत ती म्हणाली, "तेंका सुतक आसा, दादानु. धा दिस कोण हाक मारूचो नाय. माका काय आसा?"

"तुका कसला सुतक? तू तेंची कोण?" मी म्हणालो.

तिनं भटजींना जाऊन विचारलं. ते भले माणूस, समजावून म्हणाले, "रक्ताचा नाता लागता, बाय."

"रगात तर माझ्या हातार होता, काकानु."

 पुढे कुणी दगावलं की ती दार लावून बसू लागली. गाव हसलं, मग चिडलं. पण अडलेलीचा नवरा दारात आला की उठायचीच. कधी तिसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी. एकही सुतक पुरं झालं नाही. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, रजा घ्या. रजेत जाणार कुठे? पुढे पुढे मूल रडलं तरी तिचा चेहरा हलेना. बारशाच्या दारातून परत फिरायची. हात कापायला लागले तेव्हा काम सुटलं, पण जेवण उतरेना, झोप येईना... अशीच झिजत गेली.

अग्नी गावानं दिला. भटजी म्हणाले, नात्याचं कोणी नाही, सुतक कुणालाच नाही. मी म्हटलं, मी धरतो. ते समजावू लागले.

"विचारूक नाय इलंय, काकानु. सांगूक इलंय."

धरलं. होडी बांधून ठेवली, कुणाच्या हाकेला ओ दिली नाही. सगळे दिवस पुरे केले, न्हालो. लोक म्हणाले, सुटलास. मला काहीच सुटल्यासारखं वाटलं नाही. शेवंती तशीच होडीत, नर्सबाय तशीच. तिला एकदा पुरं बसू दिलं असतं तर ती वाचली असती, असं मी इतकी वर्षं मानत आलो. आता तेही राहिलं नाही.

तिच्या खोलीत नवी नर्स आली आहे, आचऱ्याची. परवा तिला पलीकडून आणली. तिकडे बाळंतपणात तिच्या हातावर मूल गेलं होतं. वाटेत ती खाडीच्या पाण्यात हात धूत राहिली, आणि तिला सुतक धर म्हणावं की नको, हे मला ठरवता आलं नाही.