डाव्या बाजूचा माणूस

सोमवारी सकाळी रेडिओवर व्हर्नाकाकूचा आवाज आला नाही, तर आमच्या गावात लोक एकमेकांना विचारतात, बाई बरी आहे ना? आमची अमेरिकन फुटबॉलची टीम लॉगर्स जिंकली की काकू फोनवर आनंदाने रडते, हरली की कोचची सालं काढते, आणि दोन्ही वेळा निवेदक डेलला मध्ये तोंड घालायला फट सापडत नाही.

व्हर्ना शिमान्स्की. जन्म इथलाच, विस्कॉन्सिनच्या एका गोठ्याशेजारी. लहानपणी एका तापट गायीने शिंग मारलं आणि डावा डोळा गेला. त्या गायीचं नाव ती अजून शिवीसारखं वापरते. पुढे लग्न केलं ते लॉगर्सच्या वेड्या भक्ताशी. मधुचंद्र स्टेडियमवर झाला, हिमवादळात, एका घोंगडीखाली, आणि वर लॉगर्स हरले. नवरा हार्लन जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या खुर्चीचं तिकीट ती अजून काढते आणि तिथे आपला थर्मास ठेवते. कोणी बसायला आलं तर म्हणते, "थर्मास बसलाय, दिसत नाही?"

पोटापाण्यासाठी ती तळ्याकाठच्या रॉलीच्या हॉटेलात मासे तळते. शुक्रवार म्हणजे मासे, हे आमच्याकडे लहान पोराला चालण्याआधी कळतं. बिअरमध्ये भिजवलेलं व्हर्नाकाकूचं पीठ, त्यात घोळलेला तळ्यातला पर्च मासा, बाजूला राय ब्रेड, कोबीची कोशिंबीर आणि हातात ब्रँडीचा ग्लास. लोक दाराबाहेर बर्फात रांग लावतात. काकू घाण्यामागून घाणे काढत असते आणि तिच्या डाव्या हाताला उभा असतो लेस्टर. दाराएवढा माणूस, बोलणं मोजून मापून. उकळत्या तेलातली टोपली उचलली की तो फक्त म्हणतो, "डावीकडून, काकू." त्या बाजूचं काकूला काही दिसत नाही. लेस्टर बोलला की ती न बघता अर्धं पाऊल सरकते. इतक्या वर्षांत तिला तेलाचा थेंब लागलेला नाही.

त्या हिवाळ्यात गावाला एकच विषय होता. लॉगर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळ्या खेळाचा राजा, ट्रेंट बाल्कमन याचा करार संपला होता. लीगचा नियम असा की अख्ख्या टीमच्या पगाराला वरून झाकण. राजाने फार खाल्लं तर बाकीच्यांना पातेलं खरवडावं लागतं.

"अरे डेल, त्या पोराला सांग कोणीतरी," काकू रेडिओवर कडाडली. "थोडं कमी घे म्हणावं! तेवढ्यात डावीकडे एक चांगला दांडगा रक्षक येईल. फेकताना पोराची पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा राक्षस त्याला दिसत नाही. न दिसणं काय असतं ते मला विचार. चार मोटारी कमी घे, पण हाडं शाबूत ठेव!"

गावभर वाहवा झाली. मंगळवारी रॉलीने तिला ऑफिसात बोलावलं.

"काय बोललीस गं व्हर्ना काल," तो म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता बघ, धंदा मंद आहे. आपलंही एक पथकच आहे ना? आणि स्वयंपाकघराचा राजा कोण? तू. सगळ्यांत जास्त पगार कोणाचा? तुझा. तर पथकासाठी थोडं कमी..."

काकू स्वतःच्याच बोलण्यात अडकली. नाही म्हणावं तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. अख्ख्या गावाने ऐकलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "काप. मी काय बाल्कमन आहे?" आणि मोठ्या दिमाखात बाहेर पडली. मग गाडीत बसून तिने स्वतःलाच त्या गायीचं नाव घेऊन शिव्या घातल्या.

शुक्रवारी शेवटचा घाणा काढताना लेस्टर म्हणाला, "काकू, मी चाललो. चीजच्या कारखान्यात. पुढचा शुक्रवार शेवटचा."

"का रे?"

"वाढ मागितली होती. रॉली म्हणतो, पैसे नाहीत."

काकूच्या हातातला झारा थांबला. ईस्टरच्या आधीचे, मांस सोडून मासे खायचे उपासाचे शुक्रवार तोंडावर आलेले, निम्मा जिल्हा मासे खायला येणार, आणि डावीकडे कोण? नवखा कोणीतरी टोपली घेऊन न बोलता वळणार. ती घाबरली, अगदी खरंखुरं घाबरली. मग कचरा टाकायला मागच्या दाराने बाहेर गेली, तर तिथे उभी होती एक नवी कोरी, नारिंगी, लखलखीत स्नोमोबाईल, बर्फावर उडवायची गाडी. बसायच्या गादीवर रॉलीची टोपी.

"अस्सं," काकू म्हणाली. "हे होय पथक."

सोमवारी तिचा फोन पहिला लागला.

"डेल, आज मी कोणाला झोडपणार नाही. आज कौतुक. मी माझा पगार कमी करून घेतला."

"काय सांगता, काकू!"

"हो ना. आणि आमच्या रॉलीने काय करावं? तो सगळाच्या सगळा पैसा लेस्टरला वाढ म्हणून द्यायचं ठरवलंय! स्वतःला एक छदाम नको म्हणाला. असा मालक मिळायला भाग्य लागतं. शुक्रवारी सगळ्यांनी या आणि त्याचा हात हातात घेऊन सांगा."

रॉली तेव्हा घरी रेडिओ ऐकत अंडी खात होता. त्याची बायको सांगते की काटा बराच वेळ हवेतच होता.

शुक्रवारी रांग तळ्यापर्यंत गेली. जो येई तो आधी रॉलीचा हात दाबी, मग मासे मागवी. पाद्रीबाबांनी तर त्याला मिठी मारली. म्हाताऱ्या मिसेस ओल्सनने गालाचा मुका घेतला. सुरुवातीला रॉलीचा चेहरा आंबट होता. आठ वाजेपर्यंत तो छाती फुगवून सांगत होता, "अहो, पथक म्हणजे पथक! माझ्या मनात कधीपासून होतं." नऊला त्याने लेस्टरला सगळ्यांसमोर वाढ जाहीर केली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. लेस्टरने चीजच्या कारखान्याला नाही कळवून टाकलं. काकू स्वयंपाकघरात इतकी हसली की पिठात तिचा चष्मा पडला.

पुढच्या आठवड्यात बाल्कमनने सही केली. पै न सोडता, पूर्ण पैशाला. डेलने स्वतःच काकूला फोन लावला. "घ्या काकू, माइक तुमचा. सोला त्याला."

काकूने चक्क माघार घेतली. डेलच्या कार्यक्रमात असं कधी झालं नव्हतं.

"घेऊ दे रे पोराला," ती म्हणाली. "मी उगाच बोलले. त्याने सोडलेला पैसा डावीकडच्या गड्यालाच मिळाला असता कशावरून? त्याच्या मालकाच्या मागच्या दाराशी काय उभं आहे, ते मी कुठे पाहिलंय?"

"मग तुमचा कापलेला पगार?"

"तो? तो मला रोज डावीकडून ऐकू येतो," काकू म्हणाली आणि कामाला उशीर होतोय म्हणून फोन ठेवून दिला.