गोदाअक्काचा माळ आणि बाटलीतले जंतू

लोकगीते गोळा करणाऱ्याचा एक अनुभव असा, की वही उघडली की माणसे सावध होतात आणि मिटली की बोलू लागतात. खानदेशात शिंदखेड्याकडच्या एका गावी कानबाई या देवीची गाणी उतरवून घेण्यासाठी मी पावसाळाभर राहिलो. गाणी वह्यांत गेली. वहीबाहेर जे साचले ते बैठकीत सांगू लागलो, तर एकामागून दुसरे निघतच राहते!

मी उतरलो होतो शेतकी खात्याचे ओव्हरसियर दामूनाना यांच्याकडे. नानांना ध्यास कुळथाचा. गावाच्या लेखी ते बैलांचे खाणे. नानांच्या मते मुरमाड माळावर तगेल असे तेच पीक. फक्त त्याच्या मुळाशी योग्य जंतू हवेत, म्हणजे ते हवेतले खत पिकाला मिळवून देतात. ते जंतू पुण्याच्या प्रयोगशाळेतून बाटलीत यायचे होते.

प्रयोगाला जमीन दिली एकट्या गोदाअक्काने. ती विधवा, मूलबाळ नाही. पंचांनी तिला बजावले होते, की या हंगामात माळावर पीक उभे राहिले नाही, तर माळ पुतण्या हिरामणच्या गुरांना चरायला जाईल. अक्का नानांना म्हणाली, "तुमना जंतू मरनात ते मना माळ गया, नाना. सांभाळी आना!"

*

बाटली दोंडाईचा स्टेशनवर उतरली. वर चिठ्ठी होती : 'जिवंत. उन्हात ठेवू नये.' पार्सलबाबूंनी ती अडवली.

"जिवंत आहे, तर हवेला भोकं कुठायत?"

"भोकं पाडली तर बिघडेल," नाना म्हणाले.

"चालतं का?"

"नाही."

"दिसतं का?"

"नाही."

"खातं काय?"

"गूळ."

बाबूंनी क्षणभर विचार केला आणि रजिस्टरात ठसठशीत अक्षरांत लिहिले : 'मुंगळे, बाटली एक.'

*

चावडीवर नानांनी तासभर व्याख्यान दिले. गुळाच्या पाण्यात जंतू कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, उन्हाचा किरण लागू देऊ नका. पुरुषमंडळी जांभया देत होती. दाराशी बसलेली अक्का म्हणाली, "गौराईगत! यामा इतलं सांगानं काय?"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी इकडच्या मुली टोपलीत गहू पेरतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवतात, तीच गौराई. अभ्यासक म्हणून मी एवढेच नोंदवतो, की जे शास्त्र चावडीला नवे होते, त्याची शिस्त बायकांच्या हातांत पिढ्यान्पिढ्या होती.

नानांनी टिपणाचा कागद घडी करून खिशात घातला. "अक्का, पुढचं तुम्हीच सांगा!"

*

पेरणीच्या वेळी नानांनी अक्काच्या माळावर मधोमध दोरी ताणली. अलीकडे जंतू लावलेले बियाणे, पलीकडे कोरडे. पुढे पुण्याचे साहेब पाहणीला येतील तेव्हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून. बांधापलीकडे त्याच माळाचा एक तुकडा हिरामणचा होता. अक्काने त्यालाही जंतू लावलेले बियाणे देऊ केले.

"तुना किडा तुले ठेव, काकू! मी कोरडंच पेरसू."

अक्काच्याच पोत्यातले कोरडे बियाणे त्याने त्याच दिवशी पेरले. पाचव्या दिवशी सगळेच उगवले. हिरामण गावभर सांगत सुटला, "बाटली वाया गयी!" फरक पुढे दिसेल, हे कुणी ऐकेना; नाना दोन दिवस जेवले नाहीत.

*

महिन्याभरात अक्काचे रान असे तरारले, की वाटसरू थांबून पाहू लागले. हिरामणने त्यातले एक रोप उपटून चावडीत आणले. मुळांवर गाठीच गाठी!

"रोग शे! उपटी फेका, नही ते बठ्ठा गावले लागी!"

पंच चपापले. नाना धावत आले, त्यांनी नखाने एक गाठ फोडली. आत लालसर रंग. "हे जंतूंचं घर आहे. आत लाली आहे, म्हणजे काम जोरात चाललंय."

पंचांतले वयोवृद्ध आबा उठले, दारातून अक्काच्या हिरव्यागार रानाकडे पाहिले आणि म्हणाले, "हिरामण, असा रोग मना रानले लागू दे!"

*

दोरीच्या दोन बाजूंतला फरक फुलोऱ्यावर तरी दिसेल, या आशेवर नाना होते. कुळीथ फुलोऱ्यावर असताना पुण्याचे साहेब आले. पंच आले, सारा गाव आला. साहेब दोरीपाशी उभे राहिले. अलीकडे पाहिले, पलीकडे पाहिले. दोन्हीकडे सारखेच हिरवे!

"ओव्हरसियर, फरक कुठं आहे? मग जंतूंनी केलं काय?"

नाना वाकून दोन्हीकडची पाने ताडून पाहू लागले. हिरामणने संधी साधली. "जंतूस्नी काय करं? माळच चांगला शे! आबा, मंग काकाना माळना अर्धा वाटा मले द्या!"

पंच एकमेकांकडे पाहू लागले. अक्का पुढे आली.

"साहेब, दोरीना पलीकडना बियाले बी मीच जंतू लावात. नाना जेवाले गयथात तवय."

"अक्का!" नाना कळवळले. "सांगितलं होतं ना, तो भाग कोरडा ठेवायचा म्हणून?"

"एक पंगतमा अर्धास्नी जेवानं नि अर्धास्नी तोंड दखानं? मना हातथीन ते व्हवाव नही, नाना."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, मग जंतूंवाचूनचं पीक मी पाहू कुठं?"

अक्काने बांधापलीकडे बोट दाखवले. हिरामणचा कुळीथ तिथे वीतभर उंचीचा, पिवळाफटक उभा होता.

"तो दखा. त्याले बी पंगतनं आवतन दिधं व्हतं, साहेब. तो उना नही!"