घाटावरचा आवाज

भूगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमच्या गावचा बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायचा चढाचा माळ, आहे. यात्रेला तिथे माइकवरून शर्यत सांगणारा माणूस माझ्याच आळीतला. एरवी तो घरोघर दूध घालायचा. त्याचं एक होतं, अमुक गाडा हरला असं तो कधीच म्हणायचा नाही. बैल मध्येच थांबले तर म्हणायचा, "मालक, बैलं जरा गाव बघत्यात. बघू द्या, आपल्याला कुटं घाई हाय!" सगळा घाट हसायचा आणि त्या हिरमुसल्या मालकालाही हसू फुटायचं.

मग घाटावरून मोठा रस्ता जाणार, बाजूला इमारती उठणार, असं ठरलं. घाट वाचवायला हा ग्रामसभेत बोलेल, अशी सगळ्यांना आशा होती. तो उठला.

"घाटाची खालची पट्टी माझी हाय. मी सही करून बसलोय," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

जमीन विकायच्या सह्या आमच्यातल्या बऱ्याच जणांनी केल्या होत्या. बोलून दाखवलं ते फक्त त्यानं.

यंदाच्या शेवटच्या यात्रेला तो आला, पण लोकांत जाऊन बसला. सरपंच स्वतः माइक घेऊन त्याच्यापाशी गेले.

"घ्या दादा. तुमच्याबिगर शर्यत कसली?"

"न्हाई. ज्यानं घाट इकला, त्यानं हितं वरडू न्हाई."

सरपंचांनी माइक आमच्याकडे वळवला. कुणीच हात पुढे केला नाही. त्या दिवशी गाडे नुसत्या खुरांच्या आवाजात धावले.