शोभाताईंचं जर्मन

कापूस मागितला तरी शोभाताई आधी त्याचं जर्मन नाव विचारायच्या. नाव बरोबर आलं तरी भागायचं नाही. शब्द पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, तेही सांगावं लागे. चुकलं तर ट्रे हातात तसाच धरून त्या उभ्या राहत. एकदा पुरुषांच्या वॉर्डात, सगळ्या पेशंटांसमोर, त्यांनी मला एकच शब्द अकरा वेळा म्हणायला लावला. पेशंट हसले. त्या हसल्या नाहीत.

"हितं हसलेलं चालतंय गं. तिकडं हसतील तवा तोंड कुठं लपवशील?"

लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात आम्ही दोघी नर्स होतो. मी उमरीची, तेवीस वर्षांची. त्या जळकोटच्या, चाळिशी ओलांडलेल्या. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर सातवीतल्या लेकीला, अक्षताला घेऊन त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. जर्मनीत नर्स हव्यात असं कळलं तेव्हा आम्ही एकाच एजन्सीत नाव घातलं. त्यांचं वय बघून एजन्सीवाल्यानं स्पष्ट सांगितलं, जर्मन भाषेची परीक्षा एकदाच देता येईल.

ड्यूटीमुळं क्लासला जाणं जमेना. मग शोभाताईंनी हातमोज्यांची रिकामी खोकी कापून कार्डं केली. एका बाजूला मराठी, दुसरीकडं जर्मन. पुल्लिंगी शब्द निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल, उरलेले हिरव्या.

"चमचा बाप्या, काटा बाई, अन् सुरी ना हे ना ते," डबा खाताना त्या म्हणायच्या. "कुणी ठरवलं आसंल गं हे?"

दुपारच्या सुट्टीत त्या मोबाइलवरच्या चॅटबॉटशी लिहून बोलत. तो डॉक्टर व्हायचा, त्या सिस्टर. कितीही चुकलं तरी तो आधी शाबासकी द्यायचा, मग चूक दाखवायचा. "इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी असं नीट बोललं न्हाई," त्या एकदा म्हणाल्या.

सुटे शब्द त्या खणखणीत म्हणत. वाक्यं मात्र फक्त लिहीत. खोलीची मधली भिंत पत्र्याची, आणि पलीकडची घरमालकीण त्यांच्या नकला करायची. मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन त्याच चॅटबॉटशी तास-तास मोठ्यानं बोलत होते. बोलल्याशिवाय तोंडी परीक्षा निघत नाही, हे मला कळून चुकलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

तोंडी परीक्षा जोडीनं असते. पुण्यातल्या केंद्रावर यादीत आमची नावं एकत्र आली. "लई बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकमेकीला सांभाळून घेऊ."

विषय सोपा होता: आजारी मैत्रिणीला भेटायला कसं जायचं, ते दोघींनी ठरवा. सुरुवात माझी. "कधी जायचं?" एवढंच विचारलं असतं तर त्यांना झोपेतही उत्तर आलं असतं. त्यांचं एकेक कार्ड मला पाठ होतं. त्यांच्याकडं ज्याचं कार्ड नव्हतं असाच शब्द घालून मी एक लांबलचक प्रश्न विचारला. परीक्षक बाईंनी माझ्याकडं बघून मान डोलावली. शोभाताईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. वॉर्डातले ते हसणारे पेशंट मला तेव्हा आठवत होते, आणि बरं वाटत होतं.

मी पास झाले. त्या तोंडी परीक्षेत नापास झाल्या. एजन्सीनं त्यांचं नाव काढून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात निरोप घ्यायला गेले. त्या एका म्हाताऱ्याची सलाईन बदलत होत्या.

"सोपं इचारता आलं आसतं ना तुला?" माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

"हाव."

"मग?"

त्यांनी घड्याळात बघत थेंब मोजले, चाकी फिरवून गती लावली.

"म्याबी तेच केलं आसतं, आसं म्हणून तुला मोकळं करावं म्हणत होते. लई दिवस मनाला तेच सांगून राहिले," त्या म्हणाल्या. "पण म्या न्हाई केलं आसतं, सविता."

आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.